गुरुवारचं प्रस्थान, शनिवारची करणी

"बुधवारी? बुधवारी बाईनं घर सोडायचं?" सासूबाईंनी भाकरी तव्यावर अशी आपटली की चुलीतली राख उडाली. "जाशील बुधी, येशील कधी! आईनं शिकवलं न्हाई व्हय तुला?"

"मग गुरुवारी जाते, आत्या."

"गुरुवारी केसावरनं पाणी घेत न्हाईत, आन् तू घर सोडून चाललीस!"

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी सून भाईर पडली की लक्ष्मी तिच्या मागनं जाती."

"बरं, शनिवारी तरी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी दुधात मीठ घालू का म्हणून विचारलं होतं.

"शनिवारी लोखंड घरात आणत न्हाईत. एस. टी. कशाची असती गं?"

"लोखंडाची."

"मग!"

रविवारचं मी विचारलंच नाही. रविवारी अवस होती.

तेव्हा मी मॅट्रिक झालेली, लग्नाला वर्ष झालेलं. कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून माझी नेमणूक झाली होती, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. नाही झाले तर जागा दुसऱ्या मुलीला. आमच्या बोरजाईवाडीतनं कराडला दिवसातनं एकच एस. टी. जायची, आणि सोमवारच्या गाडीनं निघून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. म्हणजे शनिवारची गाडी गाठायची, नाहीतर जन्मभर त्या चुलीपुढं बसून आठवड्याचे वार शिकायचे.

सासूबाई नोकरीला कधीच नको म्हणाल्या नाहीत, हे मी प्रामाणिकपणानं सांगते. उलट गल्लीभर सांगत फिरायच्या, "आमच्या परमिलाला सरकारनं बोलावलंय." फक्त वार बरा नव्हता. आणि आमच्या घरात बरा वार यायचाच नाही.

माझे यजमान, हणमंतराव, गावच्या दूध डेअरीत माप घेत होते. स्वभावानं गाय. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आईचं बी खरं हाय, तुझं बी खरं हाय."

"आणि तुमचं काय?"

"बघू की," म्हणाले आणि किटल्या उचलून गेले.

मग मी माझं हत्यार बाहेर काढलं. आमच्या माहेरी चाल होती: निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे एका फडक्यात अक्षता, सुपारी, हळकुंड, खण बांधायचा आणि ते गाठोडं ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजारणीकडं ठेवायचं. गाठोडं गेलं, म्हणजे माणूस गेलं. देवाच्या हिशेबी तुम्ही निघालात. मग देह सवडीनं, मिळेल त्या गाडीनं गेला तरी चालतं. आपल्या लोकांनी देवाला फसवायच्या ज्या युक्त्या काढल्यात, त्यात ही मला सगळ्यात आवडते.

सासूबाईंना हे नाही म्हणता येईना. मामंजी मुंबईला गिरणीत गेले तेव्हा सासूबाईंनी स्वतःच त्यांचं प्रस्थान बांधलं होतं. तरी शेवटचा डाव म्हणून त्या शिदूनानांकडं गेल्या.

शिदूनाना आमच्या गावचे देवरशी. त्यांच्याकडं प्रत्येक वाराची वेगळी विद्या होती. सोमवारी जनावरांचं बघायचे, मंगळवारी कोर्टकचेरीचं, बुधवारी हरवलं-सापडलं, शुक्रवारी पोरं न होणाऱ्या बायांचं. शनिवार राखून ठेवलेला करणीसाठी. कुणी कुणाला काय केलंय, ते शनिवारीच दिसतं म्हणायचे. शनिवारी नानांचं अंगण भरलेलं असायचं, कारण आपलं कुणीतरी वाईट केलंय असं ज्याला वाटत नाही, असा माणूस आमच्या गावात जन्माला यायचा होता.

नानांनी डोळे मिटले, ज्वारीचे दाणे मोजले आणि म्हणाले, "प्रस्थान शास्त्राला धरून हाय, गजराबाई. गुरुवारी ठेवा."

सासूबाई तोंड पाडून घरी आल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी गाठोडं बांधायला घेतलं. मी म्हटलं, मी बांधते. "तुला काय कळतंय?" म्हणून माझ्या हातातनं फडकं ओढलं. त्या डावऱ्या होत्या. भाकरी थापणं, दळण, सगळं डाव्या हातानं. सगळ्या गावाला ठाऊक. डाव्या हातानं अक्षता घातल्या, सुपारी घातली, हळकुंड घातलं, हिरवा खण घातला. मग थोड्या थांबल्या. उठून आत गेल्या आणि एक लिंबू आणि दोन बिब्बे घेऊन आल्या.

"हे कशाला, आत्या? प्रस्थानात हे घालत नाहीत."

"वाटंत कुणाची नजर लागाय नको. कराडला काय काय माणसं असत्यात." गाठ मारता मारता माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ह्याच हातानं तुझ्या मामंजींचं गाठोडं बांधलं हुतं. तवापासनं गणपतीला येत्यात, तेवढंच."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. पण एस. टी. चुकेल ह्या भीतीनं मी एवढी पछाडले होते, की गाठ पक्की बसली का, तेवढंच बघितलं.

कराड आमच्या पूर्वेला, आणि पूर्वेला घर बायडाकाकूंचं. आम्ही नवरा-बायको गाठोडं घेऊन गेलो, तर काकू रानात गेलेल्या. घरात त्यांचे मालक आबा होते, त्यांना ऐकू यायचं नाही. मी ओरडून सांगितलं, "आबा, प्रस्थान! शनिवारी न्यायचंय!"

"हाय की, हाय की," आबा म्हणाले. "म्हस झ्याक हाय."

शेवटी गोठ्यातल्या कोनाड्यात गाठोडं ठेवलं. "काकूंना तेवढं सांगा हं," मी यजमानांना म्हटलं.

"सांगतो की," ते म्हणाले. ह्यातच सगळं आलं.

शुक्रवारी पहाटे सासूबाईंनी हाक मारली, "परमिला, चूल पेटीव." मी हातरुणातच पाय ताणले.

"आत्या, मी तर काल गेले."

"आँ?"

"प्रस्थान गेलं म्हणजे मी गेले. गेलेल्या माणसानं चूल पेटवली तर प्रवास मोडतो."

हे मी तिथल्या तिथं रचलेलं होतं. पण सासूबाईंनी आयुष्यभर असलंच ऐकलेलं, त्यांना खोटं कसं म्हणवणार? त्यांनी मुकाट्यानं चूल पेटवली. लग्नानंतर पहिल्यांदा मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. काय सुख म्हणून सांगू!

पण सासूबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. जेवणवेळी मी पाटावर बसले तर म्हणाल्या, "गेलेल्या माणसाला ताट कसं वाढायचं?" आणि फडक्यात भाकरी-चटणी बांधून हातात दिली. "ही घे शिदोरी. वाटंतच हाईस न्हवं तू?" मी घराच्या सोप्यात बसून प्रवासातली शिदोरी खाल्ली. पाणी प्यायला परसात निघाले तर म्हणाल्या, "गेलेलं माणूस गल्लीला दिसलं तर लोक भुताटकी म्हनत्याल. बस आत!" त्यामुळं मला बायडाकाकूंना भेटता आलं नाही. आणि यजमानांनी तर "सांगतो की" म्हणून टाकलेलंच होतं.

शनिवारी सकाळी मी लुगडं नेसून, पेटी भरून तयार. गाडीला अजून वेळ होता. तेवढ्यात पूर्वेकडनं बोंब उठली.

"अगं आई आई आई! माझ्या गोठ्यात करणी केली गं कुणी!"

आम्ही धावलो. बायडाकाकू अंगणात ऊर बडवत होत्या. म्हशीनं काल संध्याकाळपासनं पान्हा चोरला होता, आज धारेला बसल्या तर लाथ मारली. (मागनं कळलं, आबांनी दुपारी रेडकू सोडलं होतं, ते मनसोक्त पिऊन गेलं होतं. पण तेव्हा कोण रेडकाला विचारतंय?) काकूंनी गोठा धुंडाळला, तर कोनाड्यात गाठोडं. काठीनं उसकटलं तर आत हळद, सुपारी, खण, लिंबू आणि बिब्बे. सगळी गल्ली अंगणात जमली होती, आणि शिदूनाना करणीच्याच वारी घरात तयार असल्यानं लगोलग येऊन पोचले होते.

मी पुढं झाले. "काकू, अहो ते माझं प्रस्थान! गुरुवारी ठेवलंय. आबांना विचारा."

आबांना विचारलं. आबा म्हणाले, "म्हस झ्याक हाय."

"प्रस्थानात बिब्बं असत्यात व्हय गं?" काकू किंचाळल्या. "माझी म्हस आटीवली! नाना, तुमीच सांगा."

मी नानांकडं वळले. "नाना, तुम्हीच तर गुरुवारी ठेवा म्हणाला होता."

नाना खाली बसले, काठीनं एकेक जिन्नस बाजूला केला. शास्त्राचा माणूस अडचणीत आला की फार शांत होतो, हे तेव्हा मला कळलं.

"म्हनलो हुतो," ते म्हणाले. "गुरुवारी ठेवलं तवा प्रस्थानच असंल. पन सापडलं कवा? शनिवारी. तोंडावर आवस. वार फिरला की वस्तू फिरती. आता ती करणीच."

"म्हणजे तीच सुपारी गुरुवारी देवाची आणि शनिवारी भुताची?"

"शिकल्याली हाईस, बरोबर वळकलंस," नाना म्हणाले. "आन् प्रस्थान म्या सांगितलं हुतं. लिंबू, बिब्बं म्या सांगितलं न्हवतं. ते कुणी घातलं?"

मी खरं सांगून सासूबाईंना बरोबर खड्ड्यात नेऊन उभं केलं होतं. वळून बघितलं तर त्या मागं भिंतीला टेकून उभ्या, दोन्ही हात पदराखाली.

नानांनी फडकं उचललं. गाठ अजून एका बाजूला तशीच होती. ती उन्हात धरली आणि गर्दीला दाखवली. "हे बगा. पीळ उलटा हाय. ही गाठ डाव्या हाताची. बाईची. पोक्त बाईची."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी तसं झालं. नानांनी उभ्या आयुष्यात शेकडो चोर, चेटकिणी, हरवलेल्या शेळ्या सांगितल्या होत्या, त्यातलं एकही खरं निघालं नव्हतं. आणि आज, नेमकं आज, माणसाला अक्कल सुचली होती.

एकेक मान सासूबाईंकडं वळू लागली.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वरच्या आळीतल्या सखूबाईला असंच शनिवारी धरलं होतं. लिंबाच्या फोकांनी मारलं, घराची कौलं फोडली, विहिरीवर पाणी बंद केलं. तिचं पुढं काय झालं ते कुणी बोलत नसे. सासूबाईंना जायला गाव नव्हतं, माहेरी कुणी उरलेलं नव्हतं, नवरा गणपतीपुरता. ते घर आणि ती गल्ली, एवढाच त्यांचा मुलूख.

"गजरे," बायडाकाकू पुढं सरकल्या, "हात भाईर काढ."

सासूबाईंनी हात काढले नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या. वर्षभर त्या नजरेत मी फक्त हुकूम बघितला होता, आज तिथं नुसती भीती होती.

"मी घातले बिब्बे," मी म्हटलं.

"तू?"

"मीच. लिंबू पण मी. गाठ पण माझी. आत्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्यासारखीच गाठ मारते. सून सासूचं बघूनच शिकते ना?"

"पोरी!" सासूबाई भिंत सोडून पुढं आल्या. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथंच रडले असते.

नानांनी डोळे बारीक केले. गाठोडं कुणाचं ते त्या माणसाला पक्कं कळलं होतं, ह्याची मला आजही खात्री आहे. पण म्हातारी चेटकीण गावात राहते, रोज समोर येते, तोंड सोडते. तरुण चेटकीण गाडीत बसून निघून जाते. शहाण्या माणसानं कुठली पत्करावी?

"कशापायी केलंस?" त्यांनी विचारलं.

"मला नोकरीला जायचं होतं. कुणी जाऊ देईना."

गर्दीत एकदम चुळबुळ झाली. हे सगळ्यांना पटलं. बाईला नोकरीला जायचंय, म्हणजे ती काहीही करेल.

"आन् नोकरी तरी कसली!" बायडाकाकूंना आठवलं. "ह्या गजरानंच सांगितलं मला. कानाला कायतरी लावून दिसभर बसायचं आन् न दिसणाऱ्या मानसांशी बोलायचं!"

"न दिसणाऱ्या?" नाना चटकन दोन पावलं मागं सरले.

"तारेतून," मी म्हटलं. ह्यानं काही फार बरं झालं नाही.

काकूंनी माझा अंबाडा धरला. कुणीतरी पाठीत गुद्दा घातला, कुणीतरी लिंबाचे फोक मोडून आणले. एवढ्यात डेअरीवरनं यजमान धावत आले, आणि लोकांना बाजूला सारत माझ्यापुढं उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते "बघू की" म्हणाले नाहीत.

"हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "माझी बायको हाय. मी घालवतो तिला गावाभाईर. नाना, चालंल न्हवं?"

नानांनी दाणे काढायची तसदी घेतली नाही. "चालंल. आजच घालवायची. चेटकीण घालवायला शनिवारासारखा वार न्हाई. लोखंडात बसवायची, नदीपल्याड सोडायची."

"कराडला नदीवर पूल हाय," यजमान म्हणाले.

"मग झ्याक. पर आजच! उद्या आवस. आवसेला ही गावात ऱ्हायली तर माझ्या हातात काय ऱ्हानार न्हाई."

आणि मग काय सांगू तुम्हाला! ज्या गावात मला जायला आठवड्यात एक वार मिळत नव्हता, ते अख्खं गाव माझी गाडी चुकू नये म्हणून धावायला लागलं. तिठ्यावर एस. टी. येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. पुढं धावलेल्यांनी तिच्यापुढं आडवी बैलगाडी घातली. "थांबा, थांबा! आमची चेटकीण यायचीय!" माझी लोखंडी पेटी दोघांनी डोक्यावर घेतली, शनिवारी लोखंडाला हात लावल्याचं एकाच्याही ध्यानात आलं नाही. कंडक्टर दारातनं वाकून म्हणाला, "काय भानगड आहे?" बायडाकाकूंनी त्याला सांगितलं, "पुढची शीट द्या हिला. मागं बसली तर सगळ्यांवर नजर पडंल."

मला पुढची शीट मिळाली, खिडकीजवळची. शेजारी यजमान. गाडीत आम्हाला जरा मोकळीच जागा मिळाली, लोक आपणहून सरकून बसले.

तेव्हा गर्दी फोडत सासूबाई आल्या. पदर खांद्यावरनं घसरलेला, हातात लिंबाचा भला मोठा फोक. लोकांनी वाट दिली. सासूचा हक्क पहिला. खिडकीशी आल्या आणि फोक पत्र्यावर असा हाणला की बैल बुजले.

"बया गं! घरात घेतली, आन् माझ्याच दारात इख पेरलंस!" त्या बेंबीच्या देठापासनं ओरडल्या. "पुन्यांदा ह्या गावात पाऊल टाकशील तर तंगडी मोडीन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोक पुन्हा पत्र्यावर बसला, आणि त्या आवाजाच्या आडोशानं त्यांनी खिडकीच्या गजाला तोंड लावलं.

"खोली चांगली बघ," त्या हळूच म्हणाल्या. "भाईरचं खाऊ नगंसा."

"आत्या, तुम्ही..."

"हणमंताला परत धाडू नगंस. हितं चेटकिणीचा नवरा म्हणून कशाला जगंल त्यो? थितं बघील कायतरी काम."

"आई!" यजमानांचा आवाज फुटला.

"गप बस. लोक बगत्यात." पुन्हा एक फोक पत्र्यावर. "चल, हो चालती, अवदसे!" आणि पुन्हा हळू आवाजात, "मी हाय की हितं. मला काय हुतंय?"

त्यांच्या गालावरनं पाणी वाहत होतं. बायडाकाकू शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, रागानं डोळ्यातनं पाणी आलं बाईच्या."

बैलगाडी बाजूला झाली, कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. सगळं गाव मागं धावत मला शिव्या घालत होतं. त्यात सासूबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता, आणि गाडी ओढा ओलांडून वर चढली तरी तो एकटाच ऐकू येत होता.